बाळंतघराचा खांब

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळं गाव क्लचबाई म्हणतं. तोंडावर अर्थात 'मॅडम'. गावातली निम्मी माणसं त्यांच्याकडे गाडी शिकली आहेत आणि उरलेली निम्मी त्या निम्म्यांना चुकवत रस्त्यानं चालतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "गाडी येते?"

"नाही."

"मग काय येतं?"

"स्वयंपाक येतो."

मी उलट्या बाजूनं घरात शिरले असावे अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्यांच्या शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक आहे. इतकी वर्षं तो दाबून दाबून त्यांच्या पायाला अशी सवय लागली आहे, की घरात कुणी भराभरा जेवायला लागलं तरी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला जातो. थोरले दीर, म्हणजे त्यांचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले. स्वभावानं अगदी गरीब. लग्न झाल्या झाल्या ते एकदा गाडी शिकायला बसले होते. पहिल्या वळणावर जाऊबाईंनी जे काय सुनावलं, ते ऐकून ते खाली उतरले आणि चालत घरी आले. त्यानंतर ते चालतातच.

आमच्या गल्लीच्या टोकाला, जिथे रस्ता वळतो, तिथे बाळंतघर आहे. शंभरेक वर्षांपूर्वी गावातल्या पहिल्या डॉक्टरीणबाईंनी ते बांधलं. खाली तीन खोल्या, वर त्यांच्या राहायच्या दोन, पुढे लाकडी खांबांचा व्हरांडा आणि पुढच्या खोलीच्या खिडकीला लाल-निळ्या काचा. डॉक्टरीणबाई होत्या तोवर गावात जन्मणारं जवळजवळ प्रत्येक मूल तिथे जन्मलं. त्या गेल्या, गावात मोठं हॉस्पिटल झालं आणि बाळंतघराला कुलूप लागलं. किल्ली नगरपालिकेत कुठेतरी हरवली, पण आत कुणाला जायचंच नव्हतं, त्यामुळे ती हरवली आहे हेही कुणाला कळलं नाही. भिंतीत झाड उगवलं, कौलं सरकली, आत कबुतरांचा संसार सुरू झाला. जाऊबाईंना त्या घराचं काहीही सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या लेखी तो एक निवांत कोपरा होता, रिव्हर्स शिकवायला उत्तम.

त्या वर्षी त्यांच्याकडे गावातले दंतवैद्य शिकायला येत होते. माणूस धीराचा, पण दुसऱ्याच्या तोंडात. गाडीत बसले की त्यांचे हात थरथरायचे. गिअर टाकताना ते सवयीनं गिअरलाच म्हणायचे, "जरासं दुखेल हं."

"डॉक्टर," जाऊबाई म्हणायच्या, "त्याला नाही दुखत. मला दुखतं."

तर एका सकाळी बाळंतघरासमोर दंतवैद्य रिव्हर्स शिकत असताना गाडीत गांधीलमाशी शिरली. जाऊबाई जगात कुणाला भीत नाहीत, पण गांधीलमाशीला भितात. जन्मात पहिल्यांदा त्यांचे दोन्ही पाय ब्रेकवरून उठून सीटवर आले. त्या ओरडल्या, "थांबा!" दंतवैद्यांना वाटलं, आपल्याला म्हणतात. त्यांनी घाईघाईनं दाबायला नको तेच दाबलं. गाडी कुंपणाची भिंत पाडून, दोन पायऱ्या चढून, व्हरांड्यात जाऊन बसली. मधला खांब मोडला आणि व्हरांड्याचं छप्पर, कोंबडी अंड्यांवर बसावी तसं, अलगद गाडीवर टेकलं.

आम्ही धावत गेलो तेव्हा दोघंही गाडीत धडधाकट बसलेले. दंतवैद्य म्हणत होते, "मॅडम, मी आरशात बघितलं होतं."

"काय दिसलं?"

"मीच दिसलो."

गांधीलमाशी तेवढ्यात खिडकीतून निघून गेली होती.

बाळंतघराकडे इतकी वर्षं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. त्या दिवशी अख्खं गाव बघायला लोटलं. नगरपालिकेचे इंजिनीअरसाहेब आले. हे साहेब बाहेरगावचे, नेहमी कडक इस्त्रीत, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणारे. त्यांनी पडलेली भिंत बघितली, मोडका खांब बघितला आणि मान हलवत म्हणाले, "अमूल्य वारसा आहे हा. तुम्ही फार मोठं नुकसान केलंय, बाई."

"गेल्याच महिन्यात तुम्ही इथे 'धोकादायक इमारत' असं खडूनं लिहून गेला होतात," जाऊबाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात धोकादायक आणि आज अमूल्य? मधे झालं काय? माझी गाडी लागली एवढंच ना?"

साहेबांनी त्यांच्या कपाळाकडे बघितलं आणि चार दिवसांत नोटीस पाठवली. जाऊबाईंनी ती जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचली. वास्तू संरक्षित यादीत असल्यामुळे खांब व आनुषंगिक भाग स्वखर्चानं मूळ स्थितीत आणून द्यावा, असं तिच्यात होतं.

"एक लोखंडी पाइप उभा करते आणि मोकळी होते," त्या म्हणाल्या. "छप्पर वर राहिल्याशी कारण."

"लोखंडी नको," थोरले दीर म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. जेवताना 'मीठ द्या' याच्यापुढे त्यांचं बोलणं सहसा जात नाही.

"का नको?"

"तो खांब..." दीर पाणी प्यायले. "आई सांगायची. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा बाबा कामावर होते. ती एकटी चालत गेली. पायऱ्या कशाबशा चढली, पण पुढे पाऊल उचलेना. डॉक्टरीणबाई आत दुसऱ्या बाईजवळ होत्या. मग आईनं त्या मधल्या खांबाला मिठी मारली आणि... मी तिथेच झालो. खांबापाशी."



"इतकी वर्षं संसार केला आपण," जाऊबाई म्हणाल्या, "आणि हे आज सांगताय?"

"तू विचारलं नाहीस. आणि व्हरांड्यात जन्मलो, हे काय लोकांना सांगत फिरायचं?"

आमच्या ह्यांना एकदम काळजी पडली. "आणि मी रे, दादा?"

"तू आत. तुझ्या वेळी आई शहाणी झाली होती. आठवडाभर आधीच जाऊन राहिली."

जाऊबाईंनी जेवण अर्धवट सोडलं. आमच्या घरात असं क्वचित घडतं. ताट तसंच ठेवून त्या उठल्या, चपला घातल्या आणि गल्लीच्या टोकाशी गेल्या. मी पाठोपाठ गेले. गाडी काढताना छपराला लावलेल्या टेकूंच्या मधे मोडक्या खांबाचा खालचा तुकडा अजून उभा होता. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला, जरा हलवून बघितला, आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "लाकडीच बसेल. आणि हाच बसेल. नवा नको. तुकडे कुणी सरपणाला नेले नसले म्हणजे मिळवली."

तुकडे दिरांनी आधीच आणून पलंगाखाली ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सुतारकाका आले. गावात जुन्या लाकडाचं काम करणारे तेवढे एकच उरलेत आणि त्यांना उंचीची भीती वाटते. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्यांना गरगरायला लागतं, त्यामुळे ते जमिनीवरून दिसेल तेवढंच काम घेतात. त्यांनी तुकडे जुळवून बघितले. मधे नवं लाकूड घालून सांधता येतील, म्हणाले. मग मान वर करून त्यांनी छपराखालच्या आडव्या तुळईकडे बघितलं आणि तेवढ्यानंच त्यांना घाम फुटला.

"ताई, खांब मी करून देतो. पण वरची तुळई किडलीय. तिच्याखाली खांब लावला काय, न लावला काय, सारखंच."

"चढून बघा ना नीट."

"बघितलं असतं हो, पण माझी तब्येत..."

दंतवैद्य तिथेच होते. अपघातानंतर ते रोज येत होते. अपराध्यासारखे कोपऱ्यात उभे राहायचे आणि कुणी काही मागितलं की पळत आणून द्यायचे. ते म्हणाले, "मी बघू का?" आणि शिडी चढले. खिशातून बारीकशी हातोडी काढून त्यांनी तुळई टोकापासून टोकापर्यंत ठोकत बघितली. प्रत्येक ठोक्याला कान लावला. एकदोनदा तर मी त्यांना हळूच विचारताना ऐकलं, "इथे?"

खाली उतरून ते म्हणाले, "कीड वरवरची आहे. मुळापर्यंत गेलेली नाही. काढून टाकायची गरज नाही, साफ करून भरता येईल."

"तुळई?" सुतारकाकांनी विचारलं.

"हो. वर्षानुवर्षं तेच तर करतोय मी."

आणि खरोखर त्यांनी ती भरली. सुतारकाका खालून लाकडाचा भुसा आणि राळ कालवून द्यायचे, दंतवैद्य वर बसून कोरायचे, भरायचे, घासायचे. गाडीत थरथरणारे त्यांचे हात तुळईवर अगदी स्थिर असायचे. जाऊबाई हे खालून बघत होत्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "अगं धाकटे, स्टिअरिंगच्या जागी या माणसाला एखादा दात लावून दिला पाहिजे."

दीर रोज सकाळी चहा झाला की खांब घासायला बसायचे. जुन्या रंगाचे थर निघत निघत खाली तपकिरी लाकूड दिसायला लागलं. त्या दिवसांत ते जरा बोलायलाही लागले होते.

खांब उभा राहायच्या सुमाराला इंजिनीअरसाहेब पाहणीला आले. त्यांनी सगळं बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, "छान. लवकर उरका आता. इथे गाड्यांचा तळ करायचा प्रस्ताव आहे. पुढल्या सभेत मंजूर झाला की पाडायला घेऊ."

"काय पाडायला?"

"घर."

"म्हणजे," जाऊबाई सावकाश म्हणाल्या, "आम्ही दुरुस्त करून द्यायचं आणि तुम्ही पाडायचं?"

"दोन वेगळी खाती आहेत, बाई. नुकसानभरपाई वेगळी आणि विकास वेगळा."

"आणि ती संरक्षित यादी?"

"यादीतून नाव काढता येतं. सभेच्या ठरावानं."

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. पण जाऊबाई गोड हसल्या. त्या हसतात तेव्हा शिकाऊ लोक आपोआप गाडी बाजूला घेतात. "बरं," त्या म्हणाल्या. "पण आमचं काम पूर्ण झाल्याशिवाय तुम्हाला हात लावता येणार नाही ना?"

"नाही. तसा नियम आहे."

संध्याकाळी त्यांनी दिरांना विचारलं, "अहो, तुम्ही सरकारी नोकरी केलीत. आनुषंगिक म्हणजे काय हो?"

"त्याला लागून असलेलं."

"आणि त्याला लागून असलेल्याला लागून असलेलं?"

दिरांनी विचार केला. "तेही धरता येईल."

तिथून पुढे कामाला खरी सुरुवात झाली. खांबाला लागून तुळई, तुळईला लागून भिंत, भिंतीला लागून ते झाड, झाडाच्या मुळांना लागून फरशी. साहेब विचारायला आले की जाऊबाई म्हणायच्या, "झालंच. एक आनुषंगिक राहिलंय." त्यांचे जुने विद्यार्थी सुटीच्या दिवशी यायला लागले. कुणी कौलं आणली, कुणी चुना, कुणी नुसतेच हात. जाऊबाईंनी व्हरांड्यात उभं राहून सगळ्यांना कामाला लावलं. "डावीकडे घे. आणखी. आणखी. बास! बास म्हटलं ना!" कौलं शाकारणारा गडी सांगत होता, आयुष्यात इतकं सरळ कौल आपण कधी बसवलं नाही, भीतीच तशी वाटत होती.

कुलूप तोडून खोल्या उघडल्या, कबुतरांची समजूत घालून त्यांना बाहेर काढलं, आणि मग म्हातारी माणसं यायला लागली. आधी एकदोन, काठी टेकत. "मी इथे जन्मलो." मग रोजच. तिथेच घोळ झाला. प्रत्येकाला आपला जन्म रंगीत काचांच्या खोलीत झालेला हवा होता. एक निवृत्त हेडमास्तर तर ठामपणे सांगायचे, की डोळे उघडले तेव्हा आपल्याला पहिल्यांदा निळा उजेड दिसला. शिवणकाम करणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "मास्तर, तुमची आई आणि माझी आई एकाच दिवशी इथे होत्या. पुढची खोली माझ्या आईला मिळाली होती. तुम्ही मागच्या खोलीत, चुलीजवळ."

"शक्यच नाही!"

"धुरानंच तुमचा स्वभाव असा झालाय."

मागच्या खोलीत जन्मायला एकही माणूस तयार होईना. हळूहळू गावात दोन तट पडले. बाजारात, दवाखान्यात, जिथे तिथे हाच विषय. दीर मात्र खुशीत होते. व्हरांड्यावर दुसरा कुणी हक्कच सांगत नव्हता.

मग सभेचा दिवस आला. तळाचा प्रस्ताव मंजुरीला होता. जाऊबाईंनी भाषणाची जय्यत तयारी केली होती. आठवडाभर त्या भांडी घासतानासुद्धा मला भाषण ऐकवत होत्या. नगरपालिकेच्या सभागृहात बसायला जागा नव्हती, कारण गावातली यच्चयावत म्हातारी माणसं आली होती. नगराध्यक्षबाईंनी प्रस्ताव वाचायला सांगितला. इंजिनीअरसाहेब उठून म्हणाले, "सदर वास्तूचा आज कुणालाही उपयोग नाही आणि तिच्याशी कुणाचा संबंधही उरलेला नाही..."

"संबंध नाही कसा?" हेडमास्तर उठले. "मी जन्मलोय तिथे! पुढच्या खोलीत!"

"मागच्या," शिवणकामवाल्या आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या.

त्यानंतर जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. एकीकडून 'पुढची', दुसरीकडून 'मागची'. काठ्या आपटल्या जात होत्या. एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं, म्हणजे त्यांना फक्त बोलता येईल, ऐकावं लागणार नाही. नगराध्यक्षबाई घंटा वाजवून वाजवून दमल्या. शेवटी त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी इंजिनीअरसाहेबांना विचारलं, "साहेब, हे घर पाडलं तर ही सगळी माणसं कुणाच्या दारात येतील?"

साहेबांनी पहिल्यांदाच कपाळाऐवजी डोळ्यांत बघितलं. "तुमच्या," ते म्हणाले.

"मग मला नकोय तो तळ."

जाऊबाई हातात भाषणाचे कागद घेऊन उभ्याच होत्या. "अहो, मला बोलायचंय," त्या म्हणाल्या.

"झालं की तुमचं काम, मॅडम," नगराध्यक्षबाई म्हणाल्या.

"पण मी बोललेच नाही अजून!"

"पण बाई, गाड्या लावायच्या कुठे?" साहेब काकुळतीला आले होते. "बाजारात गाडी लावायला जागा नाही, हे तर खरं ना?"

इथे जाऊबाईंचा चेहरा उजळला. भाषणात हे नव्हतं, पण हे त्यांना कागद न बघता येत होतं. "जागा आहे. लावता येत नाही लोकांना. बाजाराच्या रस्त्यावर प्रत्येक जण गाडी तिरकी टाकून जातो. सगळ्यांनी सरळ, कडेला, एकामागे एक लावली तर आहे त्या रस्त्यात दुप्पट गाड्या बसतात. खोटं वाटत असेल तर बाहेर चला."

सगळी सभा बाहेर आली. जाऊबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि दंतवैद्यांकडे बोट दाखवलं. "डॉक्टर, माझ्या गाडीत बसा."

दंतवैद्यांचा चेहरा पांढराफटक. समोर दोन गाड्या उभ्या होत्या, पुढची नगराध्यक्षबाईंची आणि मागची साहेबांची. दोहोंमधे एक गाडी जेमतेम मावेल एवढी जागा. जाऊबाई मुद्दाम गाडीत बसल्या नाहीत. काचेजवळ वाकून म्हणाल्या, "डॉक्टर, समोरची गाडी म्हणजे सुळा, मागची म्हणजे दाढ. मधल्या फटीत तुम्हाला दात बसवायचाय. दोन्ही बाजूंना लागता कामा नये."

दंतवैद्यांनी डोळे मिटले, उघडले. त्यांचे हात स्थिर झाले. ते पुढे गेले, आरशात बघितलं, चाक वळवलं, आणि गाडी अशी सरळ, अशी अलगद मधे येऊन बसली की हेडमास्तर आणि शिवणकामवाल्या आजींनी एकाच वेळी टाळ्या वाजवल्या.

"बरं," जाऊबाई म्हणाल्या. ज्यांना त्या माहीत आहेत त्यांना कळेल, याच्यावर त्यांच्याकडे कौतुकाचा शब्द नाही. दंतवैद्य गाडीतून उतरले आणि रस्त्यातच रडले.

घर राहिलं. साहेबांनी बाजारात पांढरे पट्टे मारून घेतले आणि ती कल्पना स्वतःची म्हणून वरच्या ऑफिसात कळवली. जाऊबाईंनी त्याला हरकत घेतली नाही. "पट्टे सरळ मारलेत, तेवढं पुरे," त्या म्हणाल्या. पुढच्या खोलीत आता आठवड्यातून दोन सकाळी हॉस्पिटलची नर्स गरोदर बायकांना तपासायला येते. वरच्या खोल्यांत पुस्तकं आहेत, पंखा नाही, तरी लोक येतात.

डॉक्टरीणबाईंचा फोटो लावायचं ठरलं तेव्हा कळलं, त्यांचा फोटो कुणाकडेच नाही. मग त्या दिसायला कशा होत्या, हे म्हाताऱ्यांना विचारायला सुरुवात केली. कुणी म्हणालं उंच, कुणी म्हणालं ठेंगण्या, कुणी म्हणालं फार रागीट, कुणी म्हणालं कधी आवाजच चढवला नाही. प्रत्येकाला त्या थोड्याफार आपल्या आईसारख्याच आठवत होत्या. शेवटी फोटोचा नाद सोडला आणि नुसती पाटी करायची ठरली. मजकूर दिरांनी सांगितला, सुतारकाकांनी लाकडात कोरला: 'इथे डॉक्टरीणबाई राहत होत्या. त्यांनी आपल्याला या जगात आणलं.'

पाटी तयार होऊन आली, ती जाऊबाईंनी हातात घेऊन वाचली.

"मला नाही आणलं," त्या म्हणाल्या. "मी बाहेरगावची."

"मग बदलायची का?" दिरांनी विचारलं.

जाऊबाईंनी पाटी दारावर धरून बघितली, जरा डावीकडे घेतली, जरा वर.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "खिळे द्या."